एका ‘कर्णकर्कश’ला किती राबवणार? बातमी टेबलावरच्या उपसंपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांतल्या आणि वृत्तवाहिन्यांतल्या उपसंपादक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. हल्ली हे सांगावं लागतं. मागच्या महिन्यात एकजण कपड्यांची ट्रंक घेऊन आला होता, बिजागरी बसवून द्या म्हणाला. दिली बसवून. दुकान वडिलांचं, आता माझं. पेपर सकाळी दुकानात येतो आणि गिऱ्हाईक नसलं की मी तो शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतो. त्यामुळे तुमची भाषा मला तुमच्यापेक्षा जास्त पाठ असेल.

परवा रविवारच्या एका अंकात, एकाच पानावर, मी पेन्सिलने पाच खुणा केल्या. विसर्जन मिरवणुकीतला डीजे कर्णकर्कश. पोलिसांनी रोलरखाली चिरडलेले बुलेटचे सायलेन्सर कर्णकर्कश. शाळेपुढून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न कर्णकर्कश. जत्रेत पोरं वाजवतात त्या पिपाण्या कर्णकर्कश. आणि पालिकेच्या सभेत पाणीप्रश्नावर बोलणाऱ्या बाई ‘कर्कश आवाजात’ बोलल्या. पाच आवाज, पाच जातींचे, आणि सगळ्यांच्या गळ्यात एकच पाटी.

असं वाटेल की हा माणूस शब्दांचा कीस काढतोय. काढतोच आहे. पण या एका शब्दापायी माझे अडीच तास पाण्यात गेलेत, ते आधी ऐका.

आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या आजी पेटी घेऊन आल्या. मी बाहेर गेलो होतो. दुकानात हाताखालचा पोरगा होता, बारावी झालेला, हुशार. आजी त्याला म्हणाल्या, “बाळा, पेटी किनरी लागायला लागलीय रे. आधीसारखी भरून वाजत नाही.” पोराने पेटीवर चिठ्ठी चिकटवली: ‘आवाज कर्कश’. मी आलो, चिठ्ठी वाचली आणि कर्कश पेटीचं जे करायचं ते सुरू केलं. पट्टी उघडली, एकेक पाती (हवेने थरथरून सूर काढते ती पितळेची जीभ) तपासली, कुठली कडेला घासते का, कुठे दोन पात्यांचे सूर एकमेकांना खातात का. पितळेच्या पातीचं टोक जरा खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. त्या कामाला कानही लागतो आणि वेळही. सगळ्या पात्या सुरात होत्या. मी वैतागलो. शेवटी आजींना निरोप धाडला. त्या आल्या, भाता हलवून एक सूर दाबला आणि म्हणाल्या, “बघ की, किनरी लागतीय.” तेव्हा डोक्यात उजेड पडला. खर्जाच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, स्टॉपमागची (स्टॉप म्हणजे हवा सोडायची ओढखुंटी) चामड्याची पट्टी सुटून आडवी पडली होती. खर्जाच्या पात्यांना हवाच जात नव्हती, नुसता नर, म्हणजे वरच्या सुरांच्या पात्या, वाजत होता. सूर बरोबर, पण बारीक, उंच, तळ नसलेला. दहा मिनिटांचं काम होतं.

‘किनरी’ म्हटल्यावर मी सरळ खर्जाकडे गेलो असतो. ‘कर्कश’ म्हटल्यामुळे पात्यांत शिरलो. पोराला विचारलं, आजी किनरी म्हणाल्या तर तू कर्कश का लिहिलंस? तो म्हणाला, “दादा, किनरी म्हणजे कर्कशच ना? पेपरात तेच असतं.”

म्हणून हे पत्र तुम्हाला.

आता कर्कश म्हणजे काय ते बघू. हा शब्द मुळात कानाचा नाहीच, हाताचा आहे. संस्कृतात कर्कश म्हणजे खरबरीत, कठीण, घट्टे पडलेलं. कालिदासाच्या कुमारसंभवात तिसऱ्या सर्गात इंद्र मदनाला कामगिरीवर धाडतो आणि निघताना त्याच्या अंगावरून हात फिरवतो. तो हात कसा? ‘ऐरावतास्फालनकर्कश’. ऐरावताला थोपटून थोपटून राठ झालेला. त्याच काव्याच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या मांड्यांना हत्तीच्या सोंडेची उपमा चालत नाही, कारण सोंडेची कातडी कर्कश. या दोन्ही ठिकाणी आवाजाचा मागमूस नाही. रुक्ष वादविवाद करणाऱ्याला ‘तर्ककर्कश’ म्हणत, तेही याच अर्थाने.

मग हा शब्द कानाकडे आला तो सोबत कानालाच घेऊन: कर्ण-कर्कश, कानाला खरबरीत लागणारा. कर्णकटू तसाच, चव जिभेची आणि ती कानाला लावलेली. आवाजाची आपली निम्मी विशेषणं अशी उसनी आहेत. गोड, मृदू, तीक्ष्ण, कोमल, पहाडी. म्हणजे तुमचा ‘कर्णकर्कश’ काही चुकीचा समास नाही. उलट त्यातला ‘कर्ण’ अजून सांगतो की बाबा, हा शब्द त्वचेवरून आलाय. फक्त तो ऐकायला कुणी थांबत नाही.

गंमत अशी की आवाजाचं शास्त्रही तेच सांगतं. पेटीवर सा आणि त्याला चिकटून असलेला कोमल रे दोन्ही एकदम दाबा. दोन्ही सूर आपापल्या जागी चांगले, पण एकत्र आले की कानाला कानस लागल्यासारखं होतं. दोन सूर अगदी जवळ आले की त्यांचा मिळून होणारा आवाज कमीजास्त, कमीजास्त होत राहतो. सेकंदाला दोन-तीन वेळा झाला तर आपण म्हणतो पेटी लहरते, आणि काहींना ते आवडतंही. तोच हेलकावा सेकंदाला तीसेक वेळा झाला की वेगळा हेलकावा म्हणून कळत नाही, नुसता खरखरीतपणा कळतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली हे मांडलं आणि त्या गुणाला खडबडीतपणा असंच नाव दिलं. त्यांनी कालिदास वाचला असेल नसेल, पण बोट नेमकं तिथेच ठेवलं.

हा खडबडीतपणा उंच सुरातच असतो असं नाही. खर्जातली एखादी पाती कडेला घासायला लागली की ती कर्कश वाजते, आणि ती तर पेटीतली सगळ्यात खालची. फळ्यावर नख ओढलं की दात आंबतात ना? सगळ्यांना वाटतं की तो आवाज फार उंच म्हणून सोसवत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी पाटीवर बागकामाचं दातेरी अवजार ओढून तो आवाज टेप केला, त्यातला उंच भाग गाळून टाकला आणि लोकांना ऐकवला. लोकांचे दात तेवढेच आंबले. पुढे २००६ मध्ये त्यांना या उद्योगाबद्दल इग्नोबेल, म्हणजे हसू आणणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं, ते हसून सोडून देऊ. निष्कर्ष मात्र माझ्या कामाचा आहे. उंच असणं वेगळं, खरबरीत असणं वेगळं.

उलट बाजूने, उंच असूनही कर्कश नसलेल्या आवाजाचा दाखला तर घरोघरी आहे. लताबाईंचा तारसप्तकातला सूर कुणी कर्कश म्हणून दाखवावा.

आता जो आवाज उंच आहे, बारीक आहे, टोचतो, त्याला मराठीत शब्द नाहीत का? ढिगाने आहेत, आणि प्रत्येकाची तक्रार वेगळी. किनरा म्हणजे बारीक आणि उंच, पण न फुटलेला. तळ नसतो एवढंच. चिरका म्हणजे मध्येच चिरलेला; तेरा-चौदा वर्षांच्या पोराचा आवाज फुटताना चिरकतो तसा, किंवा पेटीचा भाता जोरात मारला की एखादी पाती चिरकते तसा. किरटा हा आकाराचा शब्द, अक्षर किरटं असतं तसा आवाजही किरटा, अंग न धरलेला. त्यात टोचण्यापेक्षा कीव जास्त. टिपेचा म्हणजे सुराच्या वरच्या टोकाला लावलेला, आणि ही शिवी नव्हे. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला नाटकातल्या नटाला टीप गाठावी लागे. खणखणीत म्हणजे उंच, स्वच्छ, धातूचा, नाणं आपटल्यासारखा. त्याच्या अगदी उलट बद्द, तडा गेलेल्या मडक्याचा. भसाडा, घोगरा हे खालच्या अंगाचे. किंकाळी, चीत्कार, केकाटणं ही तर नुसती नामं आणि क्रियापदं आहेत, त्यांना विशेषणाची काठी टेकवायला लागतच नाही. तुम्ही मात्र ‘कर्कश किंकाळी’ लिहिता. किंकाळी आणखी कशी असणार? मंजूळ?

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. तो उघडून बसलं की कळतं, आपण आवाज ऐकून शब्द करणारी माणसं आहोत. करकर, कुरकुर, खरखर, घरघर, किर्र, सणसण. आवाजावरून घडलेल्या शब्दांना त्याने जागोजाग तशी खूण करून ठेवलीय. नवी वहाण करकर वाजते, दार कुरकुरतं, रेडिओ खरखरतो, रातकिडे किर्र करतात. एका अक्षराने आवाज बदलतो आणि आपल्या आज्यांना तो फरक कळत होता. माझ्या वडिलांना शेवटच्या वर्षांत रातकिडे ऐकू येईनासे झाले होते. वय झालं की कानाची वरची पट्टी आधी जाते. पण शेजारच्या खोलीत वाजणारी पेटी ‘लहरते’ की ‘चिरकते’, ते त्यांना कधी चुकलं नाही.

मग तुमच्या टेबलावर कर्कशचीच चलती का? मला वाटतं याचं कारण अर्थात नाही, व्याकरणात आहे. किनरा, चिरका, किरटा, भसाडा ही सगळी विकारी विशेषणं. किनरा सूर, किनरी पेटी, किनरं गाणं, किनऱ्या आवाजात. लिंग बघा, वचन बघा, सामान्यरूप करा. कर्कश मात्र कुठेही तसाच बसतो. कर्कश भोंगा, कर्कश शिट्टी, कर्कश गाणी, कर्कश आवाजाने. रात्री साडेबाराला पान सोडायचं असतं, मथळ्यात जागा दोन शब्दांची, अशा वेळी हात अविकारी शब्दाकडेच जाणार. मी समजू शकतो. दुकानात माझाही हात नेहमीच्याच पेचकसाकडे जातो, आणि मग स्क्रूचं तोंड झिजतं.

डीजेचं मात्र समजत नाही. डीजे कर्कश कधी होता? विसर्जनाला आमच्या दुकानापुढून मिरवणूक जाते. मी त्या दिवशी शटर अर्धं ओढून आत बसतो. आधी कान नाही, छाती सांगते की आला. फळीवरची खिळ्यांची डबी आपोआप सरकत कडेला येते. कपाटाची काच थरथरते. पोटात धडधड होते. हा दणदणाट आहे, दणका आहे, धडधडाट आहे. तो खालून येतो, कानात नाही तर बरगड्यांत शिरतो. आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी छापता ‘कर्णकर्कश डीजे’.

हा नुसता शब्दाचा प्रश्न असता तर मी पत्र लिहिलं नसतं, पेन्सिल ठेवून दिली असती. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. ही मोजणी ज्या पद्धतीने होते, तिला ‘ए’ भारांकन म्हणतात. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा जेवढा लहान तेवढा सूर खालचा) आसपास सगळ्यात जागा असतो आणि खालच्या आवाजांना जरा बहिरा. म्हणून यंत्रही खालचे आवाज कमी धरतं. किती कमी? ६३ हर्ट्झला साधारण २६ डेसिबल वजा. म्हणजे ज्या आवाजाने माझी डबी सरकते, त्यातला मोठा हिस्सा यंत्र आधीच माफ करून टाकतं. आणि वर बातमीत तक्रार असते कर्कशपणाची. मंडळाचा कार्यकर्ता छातीवर हात ठेवून सांगू शकतो की आमचा आवाज कर्कश नव्हताच, आणि तो खोटं बोलत नसतो! दारातल्या म्हाताऱ्याची तक्रार काय होती, तर काच थरथरते आणि छातीत धडधडतं. ती त्याच्याच शब्दांत छापा की. ‘काच थरथरली’ वाचल्यावर तरी कुणी विचारेल, की मग यंत्र कमी आकडा का दाखवतंय.

बुलेटचंही तेच. सायलेन्सर बदललेली गाडी फटफटते, फाडफाड उडते, मध्येच फटाका फुटल्यासारखी दचकवते. ज्या भाषेने मोटारसायकल पाहिल्याबरोबर तिच्या आवाजावरून तिचं नाव फटफटी ठेवलं, त्या भाषेत तिचा आवाज लिहायला शब्द मिळू नये?

हॉर्नच्या बाबतीत तर कायदा तुमच्यापेक्षा बारकाईने ऐकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला ११९ वा नियम एकामागून एक सूर काढणारे हॉर्न बसवायला मनाई करतो, आणि आवाजाची इतर साधनं कशी नसावीत ते सांगताना इंग्रजी मसुद्यात चार विशेषणं सुटी सुटी लिहितो: एक खरखरीत, दुसरं किनरं-टोचरं, तिसरं मोठं, चौथं दचकवणारं. चारांपैकी एक लागू पडलं तरी पुरे. एखाद्या सरकारी कारकुनाने कधीतरी बसून विचार केला असणार की खरखर वेगळी आणि टोचणं वेगळं. घाटातून उतरणाऱ्या ट्रकचा प्रेशर हॉर्न आणि रिक्षाचा चिरका पॉं एकसारखे त्रासदायक नसतात. आपण चौघांना एकाच खुर्चीवर बसवलंय.

आता त्या पाचव्या खुणेकडे येतो, पालिकेतल्या बाई. त्याच बातमीत त्याच प्रश्नावर बोललेले एक सदस्य ‘खड्या आवाजात’ बोलले होते. दुसऱ्याने ‘करड्या आवाजात’ विचारलं. बाई तेवढ्या कर्कश. मी त्या सभेत नव्हतो, बाईंचा आवाज ऐकलेला नाही. खरंच खरबरीत असेलही. पण बाईंचा आवाज चढला की कर्कश आणि पुरुषाचा चढला की खडा, असं मी वर्षानुवर्षं वाचतोय. कोशात ‘कर्कशा’ हा शब्द आहे, अर्थ भांडखोर बायको. ‘कर्कश्या’ म्हणून भांडखोर नवऱ्याला शब्द मी तरी ऐकला नाही, आणि भांडखोर नवऱ्यांचा काही तुटवडा नाही. मजा म्हणजे नळाला पाणी नव्हतं ही गोष्ट बातमीत सहाव्या ओळीत आली.

कर्कशवर माझा राग आहे असं मात्र समजू नका. खरबरीतपणाला तर आमच्या धंद्यात मान आहे. मिरजेच्या कारागिरांनी केलेला तंबोरा जवळून ऐका. तार घोडीवर, म्हणजे तारेखालच्या टेकणीवर, सरळ टेकलेली नसते. घोडीचा माथा घासून घासून असा उतरता केलेला असतो की तार त्याला पुसट शिवत राहते, आणि तिच्याखाली सुताचा एक धागा सरकवून ती शिवण जुळवतात. त्यातून जी झणझण उठते ती जवारी. तो खडबडीतपणाच आहे, पण पाळलेला. धागा केसभर सरकला की बिघडते आणि नुसती खरखर उरते. गवयाच्या आवाजाला ‘जवारीदार’ म्हणतात ते कौतुकाने.

आणि मोराचं काय? पावसाळ्यात रानात मोर ओरडतो तो आवाज गोड म्हणायला कविताच लागते. तरी आपल्या परंपरेने षड्ज, म्हणजे सा, सगळ्या सुरांचा बाप, मोराच्या तोंडी दिला. कोकिळेला पाचवा नंबर मिळाला. त्या ओरडण्याला शब्दसुद्धा वेगळा ठेवला, केका. मोरोपंतांनी देवाला घातलेल्या हाकांना नाव दिलं ‘केकावलि’. आजच्या टेबलावरून ते पुस्तक गेलं असतं तर उपशीर्षक ठरलेलं होतं, ‘पंतांचा कर्णकर्कश टाहो’.

तर विनंती एवढीच. बातमीदाराने ‘कर्णकर्कश’ लिहून पाठवलं की त्याला फोन करून विचारा: अरे, टोचत होता, घासत होता, का दणकत होता? त्याला सांगता आलं नाही तर समजा तो तिथे गेलाच नव्हता. आणि सांगता आलं, तर तोच शब्द ठेवा, लिंगवचन सांभाळायची तसदी घेऊन. कर्कश राखून ठेवा ज्याच्यासाठी तो आहे त्याला: ब्रेक घासणारी एसटी, दगडावर ओढलेला पत्रा, कोरड्या पडलेल्या रहाटाची कप्पी. तिथे त्याला हात लावायची माझी छाती नाही.

आपला,
एक पेटीवाला

ता. क. – आजींची पेटी परत गेली. अडीच तासांचे पैसे लावले नाहीत. चूक चिठ्ठीची होती, त्यांची नाही. काल सकाळी एका शाळेची पेटी आली. मी जेवायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर पोराने चिठ्ठी लावलेली: ‘पांढरी चार चिरकते, भाता जोरात मारला तरच. काळी एक घासते. बाकी गोड.’ वीस मिनिटांत झाली.